फूल झाडावर, रंग कागदावर

मराठवाड्याचे नाव निघाले की परगावच्या माणसाला काळी जमीन आठवते, तुरीची पोती आठवतात, उन्हाळ्यातले टँकर आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. फुले आठवत नाहीत. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत व्यापारानिमित्त वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यांनाही मोंढा, आडत दुकान, रेल्वे स्थानक आणि नातेवाइकांचे घर एवढाच मार्ग ठाऊक असतो. परंतु जुन्या वस्तीतल्या बोळातून जरा आत डोकावले, की तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली सदाफुली दिसते. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ दिसते. भिंतीवरून बोगनवेल रस्त्यावर उतरलेली असते, आणि तुळशीवृंदावनाशेजारी गोकर्णाचा वेल सुतळीला धरून वर चढत असतो. ही दोन शहरे जलरंगांची एक डबी बरोबर घेऊन पाहिली, तर ती निराळी दिसतात. चित्र काढण्यासाठी एका फुलापाशी तासभर बसावे लागते, आणि एका जागी तासभर बसणारा प्रवासी सहसा आढळत नाही.

जलरंग हे माध्यम तेलरंगाइतके भारदस्त मानले जात नाही; घरातील मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीपुरते त्याचे स्थान असते. ही समजूत खरी नव्हे. मूळचे सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे हाताआड दिवा धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते पाहण्यास लोक दुरून येतात आणि ते जलरंगातील आहे हे समजल्यावर चकित होतात. फुलांसाठी तर हे माध्यम फारच योग्य. पाकळीतून जसा उजेड आरपार येतो, तसा या रंगाच्या थरातून खालचा कागद उजळत राहतो. पांढरा रंग येथे लावावयाचा नसतो, राखावयाचा असतो. जेथे पांढरे हवे तेथे कागद कोरा सोडावा लागतो.

नांदेडात हे काम सकाळी नऊच्या आत करावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि दहा वाजल्यानंतर कागदावर पसरलेला रंग कुंचला उचलण्यापूर्वीच वाळून त्याच्या कडेला रेघ पडते. पहाटे गोदावरीच्या घाटावर गारवा असतो. गुरु गोविंदसिंगांच्या स्मृतीचे तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथेच आहे. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. देशभरातून येणाऱ्या भाविकांमुळे या शहरात हार-फुलांचा व्यवहार मोठा आहे, आणि ही फुले येतात कोठून हे पाहावयाचे असेल तर जवळच्या मुदखेडला जावे. मुदखेडचा परिसर फुलशेतीसाठी ओळखला जातो. गुलाब, काकडा, मोगरा, झेंडू, गलांडा अशी फुले तेथून नांदेडच्या बाजारात येतात, तेलंगणाकडेही जातात.

मुदखेडच्या शेतात सकाळी चित्र काढावयास बसणे मोठे कठीण. उजेड नीट पडेपर्यंत तोडणी होऊन गेलेली असते. मोगरा-काकड्याच्या कळ्या उमलण्याआधी खुडाव्या लागतात, कारण गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत त्या उमलावयाच्या असतात. तेव्हा ज्या शेतात हजारो फुले लागतात, त्या शेतात उमललेले फूल दिवसा फारसे दिसत नाही. यात दोष कोणाचाही नाही. त्या शेतकऱ्याचे घर फूल खुडण्यावरच चालते, आणि धान्याच्या आडतीवर बसून त्याच्या खुडण्याला नाव ठेवणे कोणालाही शोभणार नाही. परंतु आपल्या स्वतःच्या अंगणातील फूल खुडावे की नाही, हा प्रश्न मात्र प्रत्येक जैन घरात कधी ना कधी निघतोच.

परंपरेने या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. दिगंबर तेरापंथी परिपाठात अष्टद्रव्यांतील पुष्प म्हणून केशरात रंगविलेले तांदूळ वाहतात. बीसपंथी मंदिरांत ताजी फुले चढतात. श्वेतांबर मूर्तिपूजक समाजात पुष्पपूजा आहे, पण फुलाला सुई टोचू नये, पाकळी तोडू नये असा दंडक जाणती माणसे पाळतात. स्थानकवासी घरात मूर्तिपूजाच नसल्याने हा प्रश्न देव्हाऱ्यापुरता उरत नाही. तो केसातील गजऱ्यापाशी आणि लग्नाच्या मांडवापाशी येऊन उभा राहतो. केशरी तांदळाची युक्ती विचार करण्याजोगी आहे. फुलाच्या जागी रंग ठेवला, आणि फूल झाडावर राहिले. अंगणात कागद घेऊन बसणारी गृहिणी वेगळे काही करीत नाही.

अनेक मंदिरांच्या भिंतींवर षड्लेश्यांच्या वृक्षाचे चित्र असते. फळे हवी म्हणून एक जण झाड मुळापासून तोडू पाहतो, दुसरा बुंधा, तिसरा फांदी, चौथा डहाळी; पाचवा फक्त फळे तोडतो आणि सहावा खाली पडलेली तेवढी वेचतो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल अशा सहा रंगांत ही सहा मने दाखविलेली असतात. लहान मुलांना हे चित्र पाठ असते. फुलाच्या बाबतीत सहाव्या माणसाच्या जागी बसावयाचे असेल तर पारिजातक हा उत्तम सोबती. रात्री उमलावे आणि पहाटे आपणच गळून पडावे, असा त्याचा धर्म. खाली पडलेली चार फुले ओल्या रुमालावर ठेवली तर तासभर टवटवीत राहतात, तेवढ्यात चित्र होते. त्याच्या केशरी देठापासून पूर्वी वस्त्रे रंगवीत असत. म्हणजे हे फूल चित्राला विषय देते, आणि मनात आणले तर रंगही देते.

झाडावरच्या फुलाची चित्रे काढण्याचा एक मोठा उद्योग महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांपूर्वी झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाही. पुण्याजवळच्या दापोडीस, ज्याला इंग्रज दापुरी म्हणत, पेशव्यांच्या पदरी असलेल्या कॅप्टन फोर्डचा बंगला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, तो सरकारने घेतला आणि भोवती वनस्पतिउद्यान उभारले. १८३८ पासून त्याची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होती. पुढे १८४७ मध्ये तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जंगल बेसुमार तोडल्याने झरे आटतात, असे त्या काळी सरकारला बजावणाऱ्या थोड्या अधिकाऱ्यांपैकी तो एक. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका चित्रकाराकडून या बागेतील आणि आसपासच्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे जलरंगात करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत, आणि तेथील अभ्यासक हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या चित्रकाराचे नाव मात्र कोठेही नोंदलेले नाही. तो पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढेच अभ्यासक सांगतात. ज्याने पगार दिला त्याचे नाव राहिले, ज्याच्या हाताने पाकळी रंगली त्याचे गेले. हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्या समाजाला ही गफलत विशेष खटकावी. बागेचेही तसेच झाले. १८६० च्या दशकात गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीला हलला आणि दापोडीचे उद्यान संपले. आज दापोडी म्हटले की लोकलचे स्थानक आणि कारखाने डोळ्यांपुढे येतात. बाग गेली, माळी गेले, साहेब गेला, कागद राहिले.

गिब्सनने निकोल डाल्झेल याच्याबरोबर १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या पुरवणीत बाहेरून येथे आलेल्या झाडांचीही नोंद आहे. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे त्या ग्रंथाच्या हद्दीबाहेर. मराठवाड्याच्या वनस्पतींचे सविस्तर शास्त्रीय काम पुढे प्रा. वि. ना. नाईक यांनी केले. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ चा. परंतु वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथाची गरज वेगळी आणि अंगणाची वेगळी. अमुक घरी जास्वंद एकेरी होती की दुहेरी, आत्याने माहेरून आणलेली शेवंती कोणत्या पिवळ्या रंगाची होती, हे कोणत्याही ग्रंथात सापडावयाचे नाही.

आता थोडे रंगपेटीविषयी. फूल न खुडता त्याचे चित्र काढावयाचे ठरले, तर ज्या साहित्याने काढावयाचे ते कशाचे बनले आहे हेही पाहिले पाहिजे. किराणा मालाच्या पाकिटावरील हिरवा ठिपका पाहूनच जिन्नस घेणारी घरे रंगाची नळी मात्र न पाहता उचलतात. वास्तविक या पेटीत बरेच काही दडलेले असते. नावाजलेले मऊ कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे किंवा सायबेरियातील मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या केसांचे असतात. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे कुंचले पुष्कळ वर्षे विकले गेले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुंगसाला संरक्षण असून असे कुंचले विकणे हा गुन्हा आहे, तरी छापे पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. परदेशी जाड कागदांपैकी काहींना जिलेटिनची खळ असते. रंग कागदावर सहज पसरावा म्हणून गुरांच्या पित्ताचे द्रावण वापरण्याची चाल युरोपात जुनी आहे. काही कंपन्यांच्या रंगात मध असतो, आणि मध तर जैन घराच्या उंबऱ्याआत येत नाही.

रंगांच्या नावांतही हाच इतिहास आहे. किरमिजी हा किती गोड शब्द. परंतु तो आला अरबी-फारसीतील किर्मिझवरून, आणि किर्मिझ म्हणजे ज्याला वाळवून, कुटून तो लाल रंग काढीत तो किडा. आयव्हरी ब्लॅक नावाचा काळा हा हाडे जाळून होतो. सेपिया हा तपकिरी रंग मूळचा समुद्रातील माकूळवर्गीय प्राण्याच्या शाईचा. इंडियन यलो हा पिवळा पूर्वी बिहारमध्ये गाईंना आंब्याची पाने चारून त्यांच्या मूत्रापासून करीत, आणि त्या गाई खंगत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी हा व्यवहार थांबला. आज किरमिजी, सेपिया, इंडियन यलो या नावांनी मिळणारे बहुतेक विद्यार्थी-रंग रसायनशाळेतून आलेले असतात, नावे तेवढी जुनी राहिली आहेत. हाडांचा काळा मात्र अजून सर्रास मिळतो.

सुदैवाने उपाय सोपे आहेत, आणि महाग तर मुळीच नाहीत. कुंचला नायलॉनचा घ्यावा. बारीक टोकाचे कृत्रिम कुंचले आता इतके चांगले निघतात की नवशिक्याला फरक जाणवत नाही. काळा रंग विकतच घेऊ नये. गडद निळ्यात भाजका तपकिरी मिसळला तर त्याहून जिवंत काळा तयार होतो, आणि फुलांच्या चित्रात कोरा काळा लागतोही क्वचित. हवाच असेल तर दिव्याच्या काजळीचा काळा घ्यावा. रंग बांधून ठेवणारा मूळ पदार्थ म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, त्यात कोणाला शंका असण्याचे कारण नाही. मध, पित्त किंवा जिलेटिन आहे काय, हे कंपनीला पत्राने वा ई-मेलने विचारता येते. मालाची चौकशी केल्याखेरीज सौदा न करणाऱ्यांना हे सांगावे लागू नये.

कागदाच्या बाबतीत मराठवाड्याचा स्वतःचा वारसा आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने राजधानी हलविली त्या चौदाव्या शतकापासून तेथे हातकागद होत आल्याचे सांगतात. वेरूळची यात्रा करणारी कुटुंबे त्याच रस्त्याने जातात. वेरूळच्या जैन लेण्यांत, इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर, छतात कोरलेले मोठे कमळ आणि जुन्या रंगकामाचे अवशेष पाहून परतताना कागदाच्या या गावाची आठवण ठेवावी. लातूरकरांना तर वेरूळ परके नाहीच, कारण ज्या राष्ट्रकूटांच्या काळी तेथे ही लेणी खोदली जाऊ लागली, ते स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश’, म्हणजे लातूरचे धनी, म्हणवीत. हातकागद वापरताना एक पाहावे: त्याला खळ कमी असेल तर रंग शाईसारखा फुटतो. पिष्टाची पातळ खळ एकदा फिरवून कागद वाळवला की काम भागते.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असा लातूरचा रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरचा. हिवाळ्याच्या अखेरीस या वाटेने जावे. ज्वारी-हरभऱ्याच्या मधल्या पट्ट्यांत करडई फुललेली असते. काटेरी म्हणून तिच्याजवळ कोणी जात नाही, आणि म्हणूनच ती निवांत पाहता येते. करडईचे फूल प्रथम पिवळे असते, मग नारिंगी होते आणि सुकता सुकता लालसर. एकाच झाडावर तिन्ही अवस्था शेजारी शेजारी असल्यामुळे चित्रकाराला एकाच बैठकीत सारे आयुष्य सापडते. जुन्या काळी कुसुंबी वस्त्रांचा रंग याच फुलातून निघे. तो उन्हात लवकर विटतो, हा त्याचा एक दोष. नळीतले रंगही असेच विटतात. विशेषतः गुलबक्षी छटेचा भडक, चमकणारा गुलाबी. म्हणून नळीवर टिकाऊपणाच्या ज्या खुणा असतात त्या पाहून रंग घ्यावा. दहा वर्षांनी नातवाला पिवळट पडलेली जास्वंद दाखविण्यात काय अर्थ आहे! नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, किनवट-माहूरच्या जंगलात, होळीच्या सुमारास पळस फुलतो, तोही एकदा पाहून यावा. पण तो बागेतील फुलांत बसत नाही. तो सबंध डोंगराचाच रंग.

लातूरची गंजगोलाई १९१७ ची. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती गोलाकार बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोन्यापासून मिरची-गुळापर्यंत प्रत्येकाची आपापली जागा. वरून पाहिले तर ही रचना एखाद्या सोळा पाकळ्यांच्या फुलासारखी दिसते. त्या गोलाईत प्रत्यक्ष फूल मात्र हारवाल्याच्या टोपलीत तेवढे. फुले आहेत ती मागच्या जुन्या वाड्यांत आणि नव्या वसाहतींच्या गच्च्यांवर.

या गावात पाण्याचा रंग ही गोष्ट थट्टेने घेता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, आणि मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीचे दहा डबे होते आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली होती. अशा वर्षी बाग पहिली मरते, हे उघड आहे. जी झाडे त्यातून तगली, ती भांडी विसळलेल्या पाण्यावर. बोगनवेल टिकली, सदाफुली टिकली, कण्हेर टिकली; ज्यांना पाणी रोज हवे ती गेली. आजही लातूरच्या अनेक घरांत हीच तीन-चार फुले अधिक दिसतात, त्यात त्या वर्षांचा वाटा असला पाहिजे. यांतली सदाफुली मादागास्करची, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. परक्या मुलखातून आलेल्यांनी दुष्काळ सोसला आणि घर धरून राहिल्या.

जलरंगाला पाणी फार लागत नाही. दोन पेले पुरतात: एकात कुंचला धुवावा, दुसऱ्यातील स्वच्छ पाणी रंगात घ्यावे. विंधन विहिरीचे क्षारयुक्त पाणी घेतले तर रंग कधी कधी दाणेदार होतो, आकाशासाठी ते चालते, पाकळीसाठी नाही. उकळून गाळलेले पाणी जैन घरात नेहमी असतेच, तेच सर्वांत बरे. काम झाले की पेला उघडा ठेवू नये. रात्री त्यात चिलटे पडतात. रंगाचे ते पाणी कुंडीतही ओतू नये, कारण काही पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. आणि दिवे लागल्यावर चित्र काढू नये. विजेच्या पिवळ्या उजेडात लावलेला जांभळा सकाळी भलताच दिसतो. सूर्यास्ताआधी ताट आवरणाऱ्या घरात रंगाची ताटलीही त्याच वेळी आवरली, तर सोयीचेच.

प्रत्येक फुलाची वेळ आणि खोड वेगळी. जास्वंदीचे फूल एकच दिवसाचे, तेव्हा ते उद्यावर टाकता येत नाही. आधी फिकट पिवळा हात द्यावा, तो वाळल्यावर वर लाल. सरळ लाल लावला तर फूल कागदी दिसते. गोकर्णाचा निळा एकाच बैठकीत, ओल्यात ओला सोडून उतरतो, दुरुस्ती त्याला सोसत नाही. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमारास उघडते, आणि एकाच झुडपावर पिवळी, गुलाबी व दोन्हींचे शिंतोडे असलेली फुले देते; दुकान मुलांवर सोपवून घरी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हे फूल उत्तम. मोगरा सर्वांत अवघड. पांढऱ्यावर पांढरे काढावयाचे म्हणजे फुलाला हातच लावावयाचा नाही. मागची पाने गडद करीत जावे, सावलीला किंचित निळसर-करडा स्पर्श द्यावा, आणि शेवटी जे न रंगवलेले उरते ते मोगऱ्याचे फूल असते. नवशिके येथे हटकून घाई करतात आणि पाकळीला करड्या रेघांचे कुंपण घालतात. बोगनवेलीत लोक ज्याला फूल समजतात ती रंगीत पाने असतात. खरे फूल आत, लहानसे, पांढरट. हे नुसते पाहून कळत नाही, काढताना कळते.

या साऱ्याची निकड वाटावी असे कारण दोन्ही शहरांत डोळ्यांपुढे आहे. जुनी घरे पाडून तेथे चार मजले उभे राहत आहेत, आणि अंगणाच्या जागी गाड्यांसाठी फरशी येत आहे. व्यापारी कुटुंबांची घरे यात मागे नाहीत. जागेचा भाव पाहता त्यांनी काय करावे, हेही सांगणे अवघड. मात्र त्याच कुटुंबांतील लग्नात व्यासपीठाला लावलेली ताजी फुले पाहिली की मन विचारात पडते. एका संध्याकाळसाठी किती कळ्या खुडल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाला त्या झाडून एका ढिगात लोटतो. पत्रिकेवर अहिंसेचे बोधचिन्ह छापणाऱ्या घरानेही या खर्चाकडे कधी हिशेबाच्या दृष्टीने तरी पाहावे. त्या पत्रिकेवरच छापील वेलबुट्टीच्या जागी आजीच्या हातची, घरच्या अंगणातील जास्वंद आली तर ती कोणी रद्दीत टाकणार नाही.

ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा आहे, त्यांनी श्रावणापर्यंत थांबू नये. पावसाळ्यात फुले पुष्कळ असतात, तेरडा आणि गुलछडी असते, परंतु हवेत ओल असल्याने रंग वाळत नाही आणि पाऊण तास वाट पाहत बसावे लागते. चातुर्मासात घरी बसून काम करणाऱ्यास ते चालेल. आरंभाला हिवाळा बरा. शेवंती, झेंडू, ॲस्टर सावकाश कोमेजतात आणि नऊनंतरचे ऊनही सोसते. एक लहान वही, बारा रंग, नायलॉनचे दोन कुंचले आणि बसावयास पाट. झाड जागचे हलणार नाही, माणसाने तेथे जाऊन बसावे.

आणि चित्र वाळले की ते उलटून मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहावे: तारीख, गाव, गल्ली, झाडाचे घरात चालणारे नाव, ते कोणी आणि कोठून आणून लावले ते. दापोडीच्या चित्रकाराकडून राहून गेले तेही न विसरता शेवटी लिहावे, म्हणजे स्वतःचे नाव.